मान हलवणारा साहेब

बल्गेरियन सुईण रादोस्तिना इंग्रजीच्या तोंडी परीक्षेत पुन्हा नापास झाली, तर आयर्लंडमधली नोकरी हातची जाणार होती. नणंदेने निघताना टोचलंच, “वैनी, या खेपेला तरी तोंड उघड!” तोंड उघडलं, पण प्रत्येक क्रियापदाशी अडखळलं: साधा भूतकाळ की पूर्ण वर्तमानकाळ? ‘केलं’ की ‘केलंय’? ती एक म्हणायची, इंग्रज परीक्षक मान वरखाली हलवायचा. बल्गेरियात अशी मान म्हणजे ‘नाही’! ती घाबरून बरोबर आलेलं बदलायची. शेवटी डोकंच फिरलं. “नाही, नाही काय लावलंय, साहेब?” ती इंग्रजीतच कडाडली. “बर्फात अडकलेल्या बसमध्ये बाळंतपण मी केलं! तुम्ही होतात का?” डोळे मिटून तिने काळोख, कळा, ड्रायव्हरचा चाकू, सगळं धडाधड सांगितलं. व्याकरण कुठल्याकुठे राहिलं. वेळ संपल्याची घंटा वाजूनही साहेब पुढे झुकला. “आणि बाळ?” “आधी पास करा, मग सांगते!”