शनिवारची गस्त

व्हिडिओ कॉलवर आईच्या तळपायांना हळद लावलेली दिसली, तेव्हा नवनाथनं विचारलं, "आई, पायाला काय झालं?"

"काही नाही रे," आई पाय पदराखाली ओढत म्हणाली. पण बायकोला राहवलं नाही. "दर शनिवारी उपाशीपोटी, अनवाणी डोंगरावरच्या मारुतीला जातात. तुमची सरहद्दीवर गस्त असते ना त्या दिवशी."

लेबनॉनमधल्या शांतिसेनेत आल्यापासून शनिवार नवनाथच्या सुट्टीचा होता. घरच्या फोनचा लकडा नको म्हणून त्यानंच गस्तीची थाप मारली होती. छावणीची बस किनाऱ्यावरच्या जुन्या शहरात नेई. तिथं दगडी खांबांपुढं फोटो काढायचे, पोटभर तळलेले मासे खायचे.

खरं सांगायला तोंड उघडलं, तर आईच म्हणाली, "मारुतीनं आठ महिने सांभाळलं बघ तुला."

पुढच्या शनिवारी त्यानं सोबतच्या साळोखेची गस्त मागून घेतली. साळोखे खुशीत बसनं गेला. संध्याकाळी कागदात बांधलेले मासे त्यानं नवनाथपुढं ठेवले. "खा, तुझ्यासाठी आणलेत."

"नको," नवनाथ बुटाची नाडी सोडत म्हणाला, "मी शनिवार धरलाय."