चिऊच्या आईला खरं उत्तर

‘आमच्याकडे तुमची कसलीही नोंद राहत नाही,’ हे वाक्य मास्तर डोळे मिटूनही टाइप करू शकत. सहा वर्षं ते ग्राहकांच्या पत्रांना हेच उत्तर देत आले होते, आणि दर वेळी अगदी मनापासून. पूर्वी शाळेत शिकवायचे, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना मास्तर म्हणत. खोटं बोलणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. कंपनीने त्यांना त्या खुर्चीत बसवलं ते बहुधा म्हणूनच.

कंपनी व्हीपीएन विकायची. इंटरनेटवर तुम्ही कुठून आलात हे जगापासून झाकून ठेवणारी सेवा. घेणारे तऱ्हेतऱ्हेचे. कुणी फुकट सिनेमे बघायला घेई, कुणी निनावी राहून साहेबाला शिव्या घालायला. चिऊच्या आईने घेतली होती ती जीव वाचवायला.

खात्यावर तिचं नाव तेवढंच होतं, चिऊची आई. आठ महिन्यांपूर्वी नवऱ्याने तिचा हात मोडला. ‘पुढच्या वेळी मान,’ असंही म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो कामावर गेला तशी ती पोरीला कडेवर घेऊन जी निघाली, ती थेट परक्या गावात. दर सोमवारी तिचं पत्र येई.

‘दादा, मी कुठे आहे ते खरंच कुणाला दिसत नाही ना?’

‘ताई, आम्हालाच दिसत नाही, तिथे दुसऱ्या कुणाला काय दिसणार? निर्धास्त झोपा.’

मग ती चिऊचं काहीबाही सांगे. चिऊ शाळेत जायला लागली. चिऊ मिक्सरच्या आवाजाला अजून घाबरते. मास्तरांना मूलबाळ नव्हतं. सोमवारी घरी गेले की बायको दारातच विचारी, “काय म्हणते आपली चिऊ?”

गुरुवारी साहेबांनी त्यांना तळघरात पाठवलं. एका ग्राहकाची तक्रार होती, ती तिथल्या तंत्रज्ञाकडून तपासून आणायची. हा तंत्रज्ञ कधीच वर येत नसे, म्हणून त्याला सगळे घूस म्हणत. घुशीने पडद्यावर एक यादी उघडली. एकेक ग्राहक, तो कधी आला, कुठल्या गावातून आला, कुणाच्या नावावरच्या जोडणीवरून आला, सगळं ओळीने.

“हे काय आहे?” मास्तरांनी विचारलं.

“नोंदी.”

“अरे, पण आपण नोंदी ठेवत नाही.”

“आपण कुठे ठेवतो? त्या आपोआप राहतात!” घूस स्वतःच्याच विनोदावर हसला.

“आणि या बघतं कोण?”

“ज्याला साहेब नाही म्हणू शकत नाहीत तो. मास्तर, कुंपणच शेत खातंय हो. तुम्हाला आज कळलं?”

मास्तर जिना चढून वर आले. घरी जेवणावर वासना नव्हती. बायकोला तरी कोणत्या तोंडाने सांगणार? सहा वर्षं आपण माणसांना हात धरून विहिरीच्या काठावर नेऊन बसवलं, आणि वर निर्धास्त झोपा म्हणालो. त्यांना स्वतःची किळस आली. सोमवारी चिऊच्या आईचं पत्र आलं की खरं सांगून टाकायचं, नोकरी गेली तरी बेहत्तर, असं त्यांनी ठरवलं.

पत्र शुक्रवारी सकाळीच आलं, नव्याच ईमेल-पत्त्यावरून.

‘साहेब, मी चिऊची आई, तुमची ग्राहक. फोन फुटलाय, जुनं काही उघडत नाही. मला फार भीती वाटतेय. माझा ठावठिकाणा तुमच्याकडे खरंच नाही ना? असला तर काय आहे ते सांगा. लपवू नका.’

सोमवारपर्यंतही थांबली नाही बिचारी, म्हणजे नक्कीच काहीतरी घडलंय. पण मास्तर भाबडे असले तरी बावळट नव्हते. त्यांनी आधी एकच प्रश्न पाठवला, ‘चिऊ कशाला घाबरते?’

दोन मिनिटांत उत्तर आलं. ‘मिक्सरला. आणि फुग्याला. दोन वर्षांची असताना वाढदिवसाला कानाशी फुगा फुटला होता, तेव्हापासून नुसता दिसला तरी पलंगाखाली जाऊन बसते.’

फुग्याचं मास्तरांना माहीत नव्हतं. वाचून त्यांचे डोळे भरून आले. इतकं बारीकसारीक घरच्या माणसाखेरीज कुणाला ठाऊक असणार?

जेवणाच्या सुट्टीत घूस डबा खायला गच्चीवर गेला. मास्तर तळघरात उतरले. यादी उघडीच होती. आयुष्यात पहिल्यांदा ते चोरी करत होते, तरी त्यांनी चिऊच्या आईची ओळ शोधून कागदावर उतरवून घेतली.

नुसतं ‘नोंद आहे’ म्हणून तिला पटलं नसतं. आठ महिने त्यांनीच तिला उलटं पटवलं होतं. म्हणून मास्तरांनी होतं नव्हतं ते सगळं लिहिलं. गाव, रस्ता, आणि जिच्या नावावर ती जोडणी होती त्या शिवणशाळेचं वसतिगृह. खाली लिहिलं, ‘ताई, मला क्षमा करा. मी तुम्हाला फसवलं, मलाच ठाऊक नव्हतं. ही नोंद उद्या कुणाच्याही हाती पडेल. आजच्या आज पोरीला घेऊन तिथून निघा.’

पत्र पाठवून त्यांनी डोळे पुसले. कोरा कागद पुढे ओढून राजीनामा लिहायला घेतला. कालपासून छातीवर ठेवलेला धोंडा जरा हलल्यासारखा वाटला. निदान एका जिवाशी तरी आपण खरं बोललो.

राजीनाम्याची अर्धी ओळ होते न होते तोच उत्तर आलं.

‘साहेब, तुमचे उपकार फिटायचे नाहीत. आठ महिने बायको-पोरीला शोधतोय, हाती काय तर चिऊच्या आईच्या नावाची तुमची एक पावती, आणि एक माणूस खरं बोलेल तर शपथ. निघालोच मी.’