शेंडीचा नारळ

कुशाबाने शहाळं परत केलं आणि शेंडीचा नारळ मागितला.

बागेतला वाटाड्या बुचकळ्यात पडला. जहाजावरून उतरलेले सगळे प्रवासी मिटक्या मारत शहाळ्याचं पाणी पीत होते, आणि या टोपीवाल्या म्हाताऱ्याला वाळका नारळ हवा होता. शुभमने खाणाखुणा करून तो मिळवून दिला, पण मनातून तो चिडला. एवढा समुद्र ओलांडून बाबांना मसाल्याच्या बेटावर आणलं, तर त्यांनी ना लवंगेचं झाड धड पाहिलं, ना दालचिनीची साल हुंगली. त्याच्या आईचं, गोदूबाईचं, तसं नव्हतं. वाटाड्याने जायफळ फोडून आतली लालभडक जायपत्री दाखवली तेव्हा ती हरखूनच गेली. आजवर तिने डब्यातली सुकलेली जायपत्रीच पाहिली होती.

शुभम जहाजावर आचारी. नवा करार करायचा की गावी वरंधला परत जाऊन शेती बघायची, हे त्याला जहाज सुटायच्या आत कळवायचं होतं. त्याचा जीव जहाजावर होता, पण बापाने हो म्हटल्याशिवाय पाय निघत नव्हता. म्हणून तर सवलतीच्या तिकिटावर त्याने दोघांना आणलं होतं. गावदेवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान कुशाबाचा. देवापुढे उभा राहिला की अख्ख्या गावाची सुखदुःखं एका दमात सांगायचा. पोराशी बोलायचं म्हटलं की मात्र मिठाची गुळणी. जहाजावर चढल्यापासून तर त्याने या विषयावर तोंडच उघडलं नव्हतं.

"त्यांच्या मनात नाय गो आई," शुभम म्हणाला. "मी जहाजावर सांगून टाकतो, नवा करार नको."

पोरगा घरी यावा असं गोदूबाईलाही वाटत होतं, पण असा पडलेल्या तोंडाने नको.

बस निघायची वेळ झाली आणि कुशाबाचा पत्ता नाही. वाटाड्या हाका मारू लागला. शुभम धावतच बागेच्या टोकाला गेला. तिथे लवंगेच्या एका जुन्या झाडाखाली, दगडापाशी, कुशाबा चपला काढून उभा होता. टोपी नीट बसवलेली, दोन्ही हातांत तो नारळ.

"ह्या बेटाच्या राखणदारा, तुझं नाव मला ठाव नाय," तो म्हणत होता. "मी वरंधचा कुशाबा. आमच्या देवाची हद्द गावच्या शिवेपर्यंत. त्याचा हात हितवर पोचायचा नाय. माझा पोरगा तुझ्या दारावरनं येतो-जातो. आजपासनं तो तुझ्या पदरात घातला. त्याला संभाळून ने-आण कर रे म्हाराजा."

शुभमच्या आता ध्यानात आलं. इतके दिवस बाबा मनातल्या मनात हेच जुळवत होते.

कुशाबा थांबला. गावात गाऱ्हाणं संपलं की मागे उभे असलेले सगळे एका सुरात होकार देतात, आणि मगच नारळ फुटतो. इथे मागे गाव नव्हतं. नारळ उचललेला हात तसाच वर राहिला.

शुभमने बूट काढले. बापाच्या मागे जाऊन त्याने हात जोडले आणि तो म्हणाला, "व्हय म्हाराजा."