गोगलगायीचं घर

"परत पहिल्यापासून वाच," टिटवी म्हणाली.

आईने पुस्तक मांडीवर पालथं घातलं. पहिलीतली पोर ही, एरवी दुसऱ्या पानाला घोरायची. आज गोगलगाय तीनदा घर शोधून आली, तरी हिचे डोळे टक्क उघडे.

"टिटवे, बाहेर माझं काम पडलंय गं."

बाहेरच्या खोलीत शर्टांचा ढीग होता. सगळ्यांना बटणं लावायची होती. सकाळी कारखान्याची गाडी दारात येणार, आणि शर्ट तयार नसले तर ते काम उद्यापासून दुसऱ्या बाईच्या घरी जाणार. दिवसभर कारखान्यात इस्त्री, घरी आलं की बटणं. काल इस्त्रीपाशी उभ्या उभ्या डुलकी लागली आणि मनगट भाजलं. मुकादम म्हणाला, "बाई, पुन्हा डोळा लागला तर घरीच झोपा. कायमच्या."

सासू त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून बसली होती. तिच्या जिभेला हाड नव्हतं. जेवताना सुनेने एवढंच म्हटलं होतं, "आई, डोळ्याचं ऑपरेशन झालंय तुमचं. सुईला हात लावायचा नाही. लावलात तर मी ताटावरून उठेन."

"लावतंय कोण?" सासू म्हणाली होती. "तुझा पसारा, तू निस्तर. या वयात मी बटणं लावत बसू? मेले तरी नाही."

आता ती बाहेरूनच ओरडली, "सूनबाई, एक पोर झोपवता येईना होय तुला? आणि बसून काय वाचतेस, कोर्टात साक्ष दिल्यासारखी? आडवी हो की जरा तिच्याजवळ!"

"उंटावरून शेळ्या हाकायला काय जातंय," सून पुटपुटली. पण आडवी झाली. पाठ टेकली तशी हाडं कुरकुरली.

"दिवा डोळ्यांवर येतोय," टिटवी म्हणाली.

आईने दिवा भिंतीकडे वळवला.

"गोगलगाय पहिल्या दारापाशी आली. म्हणाली, हे माझं घर का? आतून मुंगी म्हणाली, नाही बाई, पुढे जा. गोगलगाय दुसऱ्या दारापाशी..."

"हळू वाच. गोगलगाय काय पळते का?"

"गोगलगाय... दुसऱ्या... दारापाशी आली."

"वेडीच आहे. घर तर तिच्या पाठीवरच आहे."

"असतं एकेकीच्या पाठीवर. म्हणून तर चालवत नाही तिला."

टिटवी हसली नाही. आईच्या मनगटावरच्या पट्टीकडे बघत राहिली.

"झोप ना गं कार्टे!" आईचा आवाज एकदम चढला. "तू झोपलीस की मी सुटले. दिसत नाही का तुला, किती दमलेय मी?"

टिटवीने नाक ओढलं. तरी ती म्हणाली, "अजून एकदाच."

"बघ, रडवलंस पोरीला," बाहेरून आलंच. "वाच मुकाट्याने!"

आईने डोळे मिटून घेतले. मग उघडले. अक्षरं एकमेकांच्या अंगावर पडत होती. आजवर इतकी वर्षं सासूच्या हाताखाली काढली, पण असा राग कधी आला नव्हता. एकीला झोप येत नाही आणि दुसरी झोपू देत नाही, मधल्या मधे मी मेले, असं तिच्या मनात आलं.

"गोगलगाय तिसऱ्या दारापाशी आली. म्हणाली... कॉलर नीट दाबा. मुकादम म्हणाला, हे तुझं घर नाही... पुढे जा... बाह्या राहिल्यात..."

टिटवीने चूक काढली नाही. पुस्तक हळूहळू कललं आणि उशीवर पडलं.

बाहेर खुर्ची करकरली. मग दाराशी पावलं थांबली. एवढ्या हलक्या आवाजात सासू कधी बोलत नसे.

"झोपली का गं?"

"झोपली एकदाची," टिटवी म्हणाली, आणि पांघरूण आईच्या गळ्यापर्यंत ओढून उठली. "चल आजी, तुला सुई ओवून देते."