चार मिलिअँपिअर

लेकीने न विचारता लग्न केलं, तेव्हाच वडिलांनी तिचं खातं बंद केल्याचं जाहीर केलं होतं. म्हणजे बोलणं टाकलं होतं. लेक एका कारखान्यात टाक्यांवरची मीटरं सांभाळायची आणि जेवणाच्या सुट्टीत रोज आईला फोन करायची. आईचे हात भांड्यांत, म्हणून फोन ओट्यावर, स्पीकर लावून.

"बाबा काही म्हणाले?"

"एक शब्द नाही. मला तर वाटतं, मनातूनही काढून टाकलं त्यांनी तुला."

"आणि टीव्ही का बंद झाला मधेच?"

"बंद कुठला. तुझा फोन आला की आवाज तेवढा घालवतात आणि बघत बसतात. बातम्या मुक्या आणि हेही मुके."

लेक हसली. "आई, आमच्या टाकीत थेंबभर पाणी नसलं ना, तरी तिथून तारेवर चार मिलिअँपिअर करंट येत राहतो. टाकी भरेल तसा तो वाढतो, पार वीसपर्यंत. पण काहीच आलं नाही, तर समजायचं तार तुटली. पद्धत जुनी आहे, पण अजून कोणी मोडीत काढलेली नाही. बाबांकडून चार येतायत."

"मला मेलीला काय कळतंय त्यातलं," आई म्हणाली.

बाहेरच्या खोलीत कुणीतरी घसा खाकरला.

"तिला म्हणावं, पाच लिही."