बर्फाचे दोन खडे

"वाइनमध्ये बर्फ घालतं का कुणी?" उज्ज्वला ग्लासातच पुटपुटली. शेजारी बसलेल्या सावत्र लेकीला, केतकीला, ते ऐकू गेलं.

नाशिकजवळच्या द्राक्षमळ्यातल्या हॉटेलात तिच्या आणि श्रीनिवासच्या लग्नाचा पाचवा वाढदिवस साजरा होत होता. दरवर्षी श्रीनिवास न विचारता पांढरी वाइन मागवायचा आणि प्रेमाने तिच्या ग्लासात बर्फाचे दोन खडे टाकायचा. त्याच्या पहिल्या बायकोला तशीच लागायची. उज्ज्वलाला आवडायची ती लाल, तुरट, घसा धरणारी, पण पाच वर्षं ती "मस्त!" म्हणत आली होती. गेलेल्या बाईवर जळायचं तरी किती? ती ना म्हातारी होणार, ना तिची आवड बदलणार.

श्रीनिवासने चिमटा पुन्हा बर्फात घातला. "अजून एक?"

केतकीने त्याचा हात धरला. "बाबा, पांढरी आईला लागायची. आई गेली. ही मावशी आहे."