बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या

"गुलाब," पंकजा म्हणाली.

"बिलकुल बरोबर!" हकीम वहाजोद्दीन यांनी तिच्या नाकाखालचा अत्तराचा फाया बाजूला घेतला. चिठ्ठीवर 'गुलाब' लिहिलं आणि ती बाटलीला चिकटवली.

पंकजा चक्रावली. तिला कसलाच वास आला नव्हता. तापातून उठल्यापासून तीन महिने नाक नुसतं शोभेला होतं. अत्तरवाल्या हकिमाकडे पहिला मान गुलाबाचाच असणार, असा तिनं अंदाज ठोकला होता. तो लागला कसा?

तिला पास व्हायचंच होतं. वालूरच्या दूध संकलन केंद्रावर येणाऱ्या प्रत्येक कॅनचं झाकण उघडून वास घ्यायचा, हे तिचं काम. गेल्या आठवड्यात तिच्या नाकाखालून आंबलेलं दूध गेलं आणि अख्खी टाकी नासली. केंद्राचे सचिव दत्तराव म्हणाले होते, "सोमवारी नाक बरं असल्याची हकीमसाबाची चिठ्ठी आण, न्हाई तर घरी बस." तिचं घर त्याच कामावर चालत होतं.

पाथरीच्या या हकीमसाहेबांच्या नाकावर पंचक्रोशीचा विश्वास. छातीत धडधडलं की गुलाब, अंगात उष्णता वाढली की वाळा. पंकजाच्या आईची उडालेली झोप त्यांच्याच फायानं परत आली होती. तेव्हा कपाटातल्या एकसारख्या काळ्या बाटल्यांवर एकही नाव नव्हतं. आता मात्र बहुतेक बाटल्यांवर चिठ्ठ्या होत्या. वय झालं बिचाऱ्यांचं, असं तिला वाटलं.

दुसरा फाया पुढं आला.

"वाळा."

"वाह!" चिठ्ठी चिकटली.

"केवडा."

"सुभानल्ला!"

पंकजानं स्वतःचं नाक चाचपून बघितलं. नाकाला काही कळत नाही आणि तोंड मात्र बरोबर सांगतंय, हा काय प्रकार? वास येतोय आणि आपल्यालाच पत्ता नाही, असं असतं का? तोवर हकीमसाहेबांनी 'नाक दुरुस्त आहे' असं लिहून, सही करून कागद तिच्या हातात दिलासुद्धा. आता गुपचूप उठायचं आणि एसटी धरायची. पण सोमवारी पहिला कॅन उघडल्यावर काय करायचं? ते दूध लेकरं पिणार होती.

"अजून एक बघा की," ती म्हणाली.

चौथा फाया आला. पंकजानं डोळे मिटले आणि मुद्दामच ठोकून दिलं, "रॉकेल."

हकीमसाहेब थबकले. त्यांनी फाया स्वतःच्या नाकाशी नेला. लांब श्वास घेतला. पुन्हा घेतला. मग पेन उचलत हळूच म्हणाले, "हां... असंल."

पंकजानं कागद टेबलावर परत ठेवला. "हकीमसाब, तुमाला बी वास येत न्हाई?"

त्यांनी घाईनं दाराच्या पडद्याकडे पाहिलं. बाहेर बाकावर माणसं बसली होती.

"हळू बोल, बेटी. चार सालं झाली. बाटली जागेवरून वळखायचो, कधी चूक न्हाई झाली. पण ह्या ईदला घर रंगवताना पोरींनी समद्या बाटल्या खाली काढल्या अन् उलटसुलट लावल्या."

"अन् मी म्हणलं ते बरोबर कसं?"

"तुला वास यायलाय, असंच वाटलं मला. तू म्हणलीस गुलाब, मी लिहिलं गुलाब."

पंकजाला हसावं की रडावं कळेना. "अहो, मी समदं अंदाजानं सांगायले! चांगल्या नाकाच्या माणसाला इचारायचं की."

"त्याला कोणत्या तोंडानं इचारू? दुसऱ्या दिवशी पाथरीभर झालं असतं, हकिमाचं नाक गेलं म्हणून. ज्याला वास येत न्हाई, त्याला मात्र तपासायच्या बहाण्यानं इचारता येतं."

बोलता बोलता ते थांबले. मान हळूहळू कपाटाकडे वळली. ओळीनं बाटल्या, ओळीनं चिठ्ठ्या. गुलाब, मोगरा, वाळा, पुन्हा गुलाब, आणखी एक गुलाब.

"बेटी," ते पुटपुटले, "या समद्या चिठ्ठ्या मग नाक गेलेल्यांनीच सांगितल्यात."